शंभरातले आठ

समजा, कॅन्सरच्या रुग्णांसाठी म्हणून तुम्ही शंभर रुपये दिलेत. त्यातले ब्याण्णव रुपये तुमच्यासारख्यांकडे पैसे मागण्यातच खर्च झाले आणि रुग्णांच्या कामासाठी उरले आठ. याला काय म्हणायचं? चोरी? आपल्यातले बहुतेक जण पटकन हो म्हणतील. पण अशाच एका प्रकरणात कोर्टाने सांगितलं की संस्थेतल्या कुणीही देणगीचे पैसे खिशात घातलेले नाहीत. सगळे कागद व्यवस्थित, सगळा खर्च पावत्यांसकट, सगळं करारात लिहिल्याप्रमाणे. मला वाटतं कोर्टाचं बरोबर होतं. आणि मला हेही वाटतं की देणगीदार नागवला गेला. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, ते आज लिहायचंय. पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

प्रकरण अमेरिकेतलं आहे आणि जुनं आहे. आपल्या तालुक्याशी त्याचा संबंध काय, ते पुढे येईलच.

युनायटेड कॅन्सर कौन्सिल नावाची एक संस्था होती. ठिकठिकाणच्या छोट्या कॅन्सर संस्थांची मिळून एक शिखर संस्था. कॅन्सरवर रामबाण औषध शोधण्यापेक्षा तो होऊ नये म्हणून काय करावं, झालाच तर रुग्णाचं जगणं सुसह्य कसं करावं, यावर तिचा भर. काम चांगलं, नाव मोठं, खिसा फाटका. तिच्यातल्या काही मोठ्या सभासद संस्था बाहेर पडून अमेरिकन कॅन्सर सोसायटी या बलाढ्य प्रतिस्पर्ध्याकडे गेल्या होत्या. १९८४ मध्ये या कौन्सिलचं वर्षाचं अंदाजपत्रक होतं फक्त ३५ हजार डॉलर. अमेरिकेच्या हिशोबाने हे म्हणजे एखाद्या बऱ्यापैकी पगारदाराचा वर्षाचा पगार. संस्था दिवाळखोरीच्या दारात उभी होती.

अशा वेळी तिने वॉटसन अँड ह्यूई या कंपनीशी करार केला. ही कंपनी टपालाने पत्रं पाठवून संस्थांसाठी देणग्या गोळा करायची. आपल्याकडे हा धंदा फारसा रुजला नाही, म्हणून थोडं सांगतो. अमेरिकेत घरोघरी पत्रं येतात. जाडसर पाकीट, आत भावनिक मजकूर, एखाद्या आजारी मुलाचा किंवा जखमी जवानाचा फोटो, सोबत तुमचं नाव-पत्ता छापलेल्या चिकटपट्ट्या नाहीतर छोटं कॅलेंडर. फुकट वस्तू हातात पडली की माणसाला ओशाळल्यासारखं होतं आणि तो दहा डॉलरचा चेक लिहितो. तिकडे राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना विचारा, त्यांच्या पत्रपेटीत अजूनही ही पाकिटं पडतात.

तर करार पाच वर्षांचा, जून १९८४ ते जून १९८९. संस्थेकडे टपालखर्चालाही पैसे नव्हते, म्हणून सगळा खर्च आधी कंपनीने करायचा. छपाई, पाकिटं, तिकिटं, सगळं. देणग्या आल्या की त्यातून कंपनीचे पैसे वळते व्हायचे आणि उरलं ते संस्थेचं. याच्या बदल्यात कंपनीने दोन गोष्टी मागून घेतल्या. एक, पाच वर्षं दुसऱ्या कुणालाही निधी गोळा करण्याचं काम द्यायचं नाही. दोन, देणगीदारांची जी यादी तयार होईल तिची मालकी दोघांची. म्हणजे तशी दोघांची, पण संस्थेने ती यादी कुणाला विकायची नाही, भाड्यानेही द्यायची नाही. कंपनीवर मात्र असं बंधन नाही.

हे यादीचं कलम नीट वाचा. बहुतेक लोक टक्केवारीवर भांडतात आणि या कलमाकडे दुर्लक्ष करतात. खरी मेख इथे आहे.

पाच वर्षांत कंपनीने किती पत्रं पाठवली? आठ कोटी. त्या काळात अमेरिकेत कुटुंबंच साधारण साडेआठ कोटींच्या आसपास होती. प्रत्येक पत्रात कॅन्सर टाळण्यासाठी काहीतरी सल्ला आणि पैशांची मागणी. शंभरातल्या सत्तर पत्रांत आणखी एक गोष्ट होती, बक्षिसाची सोडत. म्हणजे कॅन्सरसाठी पैसे द्या आणि सोबत नशीबही आजमावा. (आमच्याकडे जत्रेत लकी ड्रॉचं कुपन घेताना निदान आपण कुणावर उपकार करतोय असं तरी वाटत नाही.) मजकूर लिहायची कंपनी, पण प्रत्येक पत्र संस्थेने वाचून मंजूर केलेलं होतं. हेही लक्षात ठेवा, कारण उद्या ‘आम्हाला काही माहीतच नव्हतं’ म्हणायची सोय यात राहत नाही.

आता हिशोब. आकडे गोलाकार आहेत. देणग्या आल्या २ कोटी ८८ लाख डॉलर. खर्च झाला २ कोटी ६५ लाख. संस्थेच्या हातात पडले साधारण साडेबावीस लाख. म्हणजे एका पत्रामागे ३६ सेंट आले, ३३ सेंट गेले आणि कॅन्सरच्या कामासाठी राहिले तीन सेंटपेक्षाही कमी. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण आपण लग्नाच्या खर्चाला वापरतो. इथे तर मसाला खाणाऱ्याच्या नावावर आणला, वापरला दुसऱ्यानेच आणि कोंबडीचा एक तुकडा ताटात पडला.

पण थांबा. हाच हिशोब संस्थेच्या खुर्चीत बसून मांडा. साडेबावीस लाख भागिले पाच वर्षं, म्हणजे वर्षाला साडेचार लाख डॉलर. आधीचं अंदाजपत्रक ३५ हजार. उत्पन्न जवळजवळ तेरा पट! कुठल्याही विश्वस्त मंडळाच्या वार्षिक सभेत टाळ्या पडतील, अध्यक्षांचा सत्कार होईल. शिवाय हे साडेबावीस लाख त्यांनी खरोखरच रुग्णसेवेवर आणि संशोधनावर खर्च केले, त्याबद्दल वाद नव्हता. विश्वस्तांनी गाड्या घेतल्या नाहीत, सहली काढल्या नाहीत. मग बिघडलं कुठे?

अमेरिकेच्या आयकर खात्याला वाटलं की बिघडलंय. १९९० मध्ये त्यांनी या संस्थेची करसवलत काढून घेतली, आणि तीही मागच्या तारखेने, थेट करार झाला त्या १९८४ पासून. तोवर करार संपला होता. संस्थेने तो वाढवला नव्हता, दुसऱ्या एका टपालवाल्या कंपनीला काम दिलं होतं. तिथेही काही जमलं नाही आणि संस्था दिवाळखोरीत गेली. आधीच बुडालेली, वरून करखात्याची वसुली.

खात्याचा मुद्दा असा की धर्मादाय संस्थेचं उत्पन्न आतल्या माणसाच्या खिशात जाता कामा नये. हे तत्त्व आपल्याकडेही आहे. आपल्या १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम १३ ने तेच सांगितलं होतं की संस्थापक, विश्वस्त, त्यांचे नातेवाईक यांच्या फायद्यासाठी ट्रस्टचा पैसा वापरला तर करमाफी जाते. ज्यांनी कुठल्याही संस्थेचं ऑडिट जवळून पाहिलंय त्यांना हे पाठ असतं. पण इथे कंपनी तर बाहेरची. विश्वस्तांच्या कुणाच्या मेव्हण्याची नाही, साडूची नाही. तेव्हा खातं म्हणालं, करार इतका एकतर्फी होता, कंपनीचा संस्थेच्या पैशावर इतका ताबा होता, की ती बाहेरची राहिलीच नाही, ती आतली झाली. पैसे येतात कुणामुळे? कंपनीमुळे. जातात कुठे? कंपनीकडे. संस्थेला दुसरीकडे जाता येतं का? नाही. मग मालक कोण?

१९९७ मध्ये कर न्यायालयाने खात्याचं म्हणणं मान्य केलं. १९९९ मध्ये अपिलात, शिकागोच्या सातव्या सर्किट न्यायालयात, ते उलटलं. निकाल लिहिला न्यायमूर्ती रिचर्ड पोझ्नर यांनी. कायद्याकडे अर्थशास्त्राच्या चष्म्यातून बघणारे म्हणून ते प्रसिद्ध. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. वाईट करार करणं वेगळं आणि चोरी करणं वेगळं. संस्था अडचणीत होती, तिला जसा मिळाला तसा सौदा तिने केला. समोरच्याने अडवणूक करून चांगला भाव मिळवला म्हणून तो काही घरचा माणूस होत नाही. असं धरलं तर उद्या कुठलीही लहान संस्था एखाद्या मोठ्या पुरवठादारावर किंवा एकाच मोठ्या देणगीदारावर अवलंबून असेल, तर तिची करसवलत खात्याच्या मर्जीवर लटकत राहील.

पटतं हे. आपल्याकडे संस्था चालवणाऱ्यांना धर्मादाय कार्यालयाच्या आणि आयकराच्या नोटिशींची जी धास्ती असते ती मी जवळून बघितलीय. ‘करार तोट्याचा दिसतोय, करमाफी रद्द’ असा अधिकार कुणा अधिकाऱ्याच्या हातात दिला तर पहिला फटका प्रामाणिक लहान संस्थांना बसणार, हे सांगायला न्यायमूर्ती लागत नाहीत. म्हणून म्हटलं, कोर्ट बरोबर होतं.

पोझ्नर यांनी एक दार मात्र उघडं ठेवलं होतं. आतला माणूस नसेल, पण संस्था इतक्या बेफिकिरीने चालवली असेल की बाहेरच्याला गरजेपेक्षा दुप्पट पैसे दिले, तर ती संस्था खरंच लोकांसाठी चालते की त्या बाहेरच्यासाठी? हा ‘खासगी लाभाचा’ वेगळा प्रश्न तपासा म्हणून त्यांनी प्रकरण खाली परत पाठवलं. आणि मग २००० मध्ये दोन्ही बाजूंनी तडजोड केली. झालं. ज्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांना हवं होतं त्याचा निकाल लागलाच नाही.

आता माझं मत.

या प्रकरणात विश्वस्त मंडळ, कंपनी, खातं आणि कोर्ट या चौघांनीही एकच प्रश्न वेगवेगळ्या बाजूंनी विचारला की संस्थेला काय मिळालं? आठ टक्के मिळाले, ते शून्यापेक्षा बरे की वाईट? चेक लिहिणाऱ्या माणसाचा हिशोब कुणी मांडला नाही. त्याने संस्थेला जगवायला पैसे दिले नव्हते, कॅन्सरच्या कामाला दिले होते. २ कोटी ८८ लाख डॉलर अमेरिकेतल्या सामान्य घरांतून कॅन्सरच्या नावाने बाहेर पडले. त्यातला किती पैसा नाहीतर गावातल्या इस्पितळाला गेला असता, शेजारच्या रुग्णाला गेला असता? माणूस एकदा देऊन मोकळा झाला की ‘यंदाचं आमचं दिलंय’ म्हणतो. आपल्या दारात वर्गणी मागायला दुसरं मंडळ आलं की आपण हेच म्हणतो ना? म्हणजे संस्थेने कमावलेले आठ फक्त दिसतात. दुसऱ्यांचे हुकलेले ब्याण्णव कुठल्याच ताळेबंदात येत नाहीत.

दुसरं असं की या धंद्याचं गणितच लोकांना माहीत नसतं. अनोळखी माणसाला पाठवलेलं पहिलं पत्र बहुतेक वेळा तोट्यात जातं. शंभर पत्रांना एक-दोन उत्तरं आली तरी बरं मानतात. फायदा सुरू होतो तो एकदा दिलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा पत्रं पाठवल्यावर. तेव्हा टपाल कमी लागतं आणि उत्तरं जास्त येतात. त्यामुळे पहिल्या काही वर्षांचा प्रचंड खर्च म्हणजे विहीर खोदण्याचा खर्च, पाणी नंतर लागतं, असं कंपन्या सांगतात. त्यात तथ्य आहे. नव्या संस्थेचा सुरुवातीचा खर्च जास्त असतोच, तेवढ्यावरून तिला चोर ठरवू नये. पण मग माझा साधा प्रश्न. विहीर देणगीदारांच्या ब्याण्णव रुपयांतून खोदली, तर पाणी कुणाचं? विहीर म्हणजे ती यादी. आणि करारात काय लिहिलं होतं? यादी दोघांची, पण ती विकायची, भाड्याने द्यायची मोकळीक फक्त कंपनीला. पाच वर्षांनी संस्थेच्या हातात आला अर्धा हक्क, आणि तोही असा की त्यावर दुसरीकडून एक डॉलर उभा करता येत नाही. अडला हरी म्हणतात तो हाच.

आणि त्या पत्रांतला कॅन्सरविषयक सल्ला? तो काही नुसता परोपकार नसतो. मागणीच्या पत्रात दोन ओळी आरोग्यसल्ल्याच्या घातल्या की छपाई-टपालाचा काही हिस्सा हिशोबात ‘लोकशिक्षण’ या खात्यावर टाकायची वाट या धंद्यात उघडी होते. मग कागदावर निधी गोळा करण्याचा खर्च कमी दिसतो आणि ‘कार्यक्रमावरचा खर्च’ फुगतो. ही पळवाट इतकी रुळली की १९९८ मध्ये अमेरिकन लेखापालांच्या संस्थेला नियम कडक करावे लागले. पत्राचा हेतू काय, ते कुणाला पाठवलं, आत मजकूर काय, हे तिन्ही तपासल्याशिवाय असा खर्च वाटायचा नाही. तेव्हा कुठल्याही संस्थेच्या अहवालात ‘जनजागृती’ असा मोठा आकडा दिसला की मी पुढचा प्रश्न विचारतो. जागृती कशी केली? कुणाला काय पाठवलं? त्याच कागदावर बँक खात्याचा नंबर होता का?

हे सगळं ऐंशीच्या दशकातलं म्हणून सोडून द्यावं, तर २०१४ चं प्रकरण आहे. डिसेबल्ड व्हेटरन्स नॅशनल फाउंडेशन ही अपंग माजी सैनिकांच्या नावाने २००७ मध्ये सुरू झालेली संस्था. तिने क्वाड्रिगा आर्ट या टपाल कंपनीशी तसाच करार केला, म्हणजे खर्च आधी कंपनीचा, वसुली देणग्यांतून. न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांच्या चौकशीत निघालं ते असं की देणग्या आल्या ११ कोटी ६० लाख डॉलर आणि त्यातले साधारण ९० टक्के गेले मागणीच्या यंत्रणेकडे. गंमत पुढे आहे. एवढं देऊनही संस्था कंपनीची देणेकरीच होती! तडजोडीत कंपनीला जवळपास अडीच कोटी डॉलरचा बोजा उचलावा लागला. त्यातला मोठा भाग म्हणजे संस्थेकडून येणं असलेले १ कोटी ३८ लाख डॉलर सोडून देणं, आणि बाकीच्यातला बराचसा अपंग सैनिकांच्या कामासाठी. विश्वस्त मंडळातले संस्थापक सदस्य बदलावे लागले. सहा-सात वर्षं लोक सैनिकांच्या नावाने चेक लिहीत होते आणि सैनिकांची संस्था छापखान्याचं कर्ज फेडत होती.

आगाऊ खर्च करणारा हा उपकारकर्ता नसतो, सावकार असतो. हे आपल्याला वेगळं समजवायची गरज नाही. बियाणं-खतं उधारीवर देणारा आणि माल आपल्याच आडतीत आणायची अट घालणारा व्यापारी आपण पिढ्यान् पिढ्या पाहतोय. पीक कुणाच्या रानात आलं याला मग फार अर्थ राहत नाही.

काही जण म्हणतील, सरळ कायदा करा. निधी गोळा करण्याचा खर्च २५ टक्क्यांच्या वर गेला की बंदी! अमेरिकेतल्या गावांनी आणि राज्यांनी ते करून बघितलं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८०, १९८४ आणि १९८८ अशा तीन निकालांत असले टक्केवारीचे कायदे रद्द केले. देणगी मागणं हे भाषणस्वातंत्र्यात येतं, आणि केवळ खर्च जास्त म्हणजे फसवणूक असं गृहीत धरता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. नव्या संस्थेला, लोकांना न आवडणारा विषय हाती घेणाऱ्या संस्थेला खर्च जास्त येणारच. (एड्सच्या सुरुवातीच्या काळात त्यासाठी पैसे मागायला फिरणाऱ्या संस्थांचा विचार करा.) पण २००३ मध्ये त्याच न्यायालयाने हेही सांगितलं की खोटं बोललात तर सुटका नाही. तिथे प्रकरण फोनवरून देणग्या मागणाऱ्या कंपनीचं होतं. करारानुसार ती ८५ टक्के स्वतःकडे ठेवायची आणि देणगीदारांना मात्र बराचसा पैसा माजी सैनिकांच्या कामाला जातो असं सांगितलं जायचं, असा आरोप. पैसे जास्त ठेवले हा गुन्हा नाही, पण त्याबद्दल खोटं सांगितलं तर खटला चालू शकतो. म्हणजे कायदा तुमच्या वतीने प्रश्न विचारणार नाही. तुम्ही विचारलात आणि समोरचा खोटं बोलला, तरच तो मदतीला येईल.

महाराष्ट्रात सार्वजनिक कामासाठी पैसा गोळा करण्याची आपली रीत वेगळी होती. अंताजी दामोदर काळ्यांनी दर माणशी एक पैसा मागत पैसा फंड उभा केला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. महर्षी कर्वे स्वतः फिरून पैसे जमवायचे, अगदी परदेशातसुद्धा. मागणारा आणि काम करणारा एकच. त्यामुळे दारात आलेल्या माणसाला विचारता यायचं, गेल्या वर्षीचं काय केलंत? आता मागणारा तिसराच असतो. मोबाईलवर व्हिडिओ येतो, आजारी बाळ, रडणारी आई, खाली लिंक. मॉलच्या दारात टी-शर्ट घातलेली मुलं फॉर्म भरून घेतात, ती बहुतेकदा त्या संस्थेची नसतात, ठेकेदाराकडे नोकरीला असतात. फोन येतो तो कॉल सेंटरवरून. टपालाची जागा मोबाईलने घेतली, करार तोच आहे.

आणि तो आता तालुक्यापर्यंत आलाय. आपल्याच भागातल्या एका जुन्या संस्थेकडे (नाव लिहीत नाही, अजून काही ठरलेलं नाही आणि माणसं प्रामाणिक आहेत) एका डिजिटल कंपनीचा प्रस्ताव आलाय. व्हिडिओ कंपनी बनवणार, समाजमाध्यमांवर जाहिरात कंपनी करणार, खर्च सगळा तिचा. देणग्यांतून आधी तो वळता होणार, मग ठरलेला हिस्सा संस्थेला. काही वर्षं दुसऱ्या कुणाला काम द्यायचं नाही. तिथले एक ज्येष्ठ विश्वस्त, ज्यांनी आयुष्यभर सायकलवर पावती पुस्तक घेऊन वर्गणी गोळा केली, ते मला म्हणाले, “अहो, आपल्या खिशातून एक रुपया जात नाही. आला तर फायदाच.”

काका, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, खिशातून जात नाही हे खरं नाही. तुमच्या संस्थेचं चाळीस वर्षांचं नाव जातंय. त्या व्हिडिओवर नाव तुमचं असेल, कंपनीचं नाही. पुण्या-मुंबईत, दुबईत, न्यू जर्सीत बसलेला आपल्या गावचा पोरगा ते नाव बघून पैसे टाकेल. कंपनी उद्या दुसऱ्या तालुक्यात दुसरी संस्था शोधेल. तुम्हाला मात्र त्याच रस्त्यावरून, त्याच लोकांसमोरून जायचंय.

संस्था बंद पडली तरी चालेल, पण असा करार नको, असं मी म्हणतोय का? काही बाबतीत हो, तेच म्हणतोय. पाच मुलांचं वसतिगृह प्रामाणिकपणे दुसऱ्या मोठ्या संस्थेत विलीन करणं हा पराभव नाही. युनायटेड कॅन्सर कौन्सिलने १९८४ मध्येच कुलूप लावलं असतं, तर आठ कोटी पाकिटं छापली गेली नसती आणि कॅन्सरचं फार काही नुकसान झालं नसतं. हे कठोर आहे, मला माहीत आहे. संस्था हे साधन आहे हे आपण भाषणात म्हणतो, पण पंचवीस-तीस वर्षं तिच्यात घातल्यावर ती लेकरासारखी होते आणि तिला जगवण्यासाठी माणूस वाटेल त्या कागदावर सही करतो.

तरीही करार करायचाच असेल, तर मसुदा वकिलाला दाखवण्याआधी स्वतः वाचा आणि टक्केवारीवर अडकू नका. पहिल्या रुपयातला हिस्सा तुमचा आहे, की कंपनीचा सगळा खर्च वसूल झाल्यावरच तुमची पाळी येणार? खर्चाला वरची मर्यादा आहे का? देणग्या कमी आल्या तर तूट कुणाच्या डोक्यावर? अमेरिकेतल्या सैनिकांच्या संस्थेसारखे तुम्ही देणेकरी तर होणार नाही ना? करार सहा महिन्यांत मोडता येतो का? पैसे आधी कुणाच्या खात्यात पडणार, संस्थेच्या की कंपनीच्या? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे देणगीदारांची नावं आणि फोन नंबर. ती यादी कुणाची? करार संपल्यावर कंपनीने ती पुसून टाकायची असं लिहिलंय का, की उद्या तेच नंबर दुसऱ्याच कुणाच्या व्हिडिओसाठी वापरले जाणार?

बाकी आपण देणारे. आपल्यासाठी एकच प्रश्न पुरतो, आणि तो विचारायला लाजू नका. पावती मागतो तसाच विचारायचा. “मी शंभर दिले तर तुमच्या कामावर किती जातात, आणि मला फोन करणाऱ्याला किती?” प्रामाणिक संस्था आकडा सांगते, जास्त असला तरी कारण सांगते. जी माणसं या प्रश्नावर चिडतात किंवा पुन्हा बाळाचा फोटो दाखवतात, तिथे पाकीट खिशात ठेवा.

त्या संस्थेच्या विश्वस्त मंडळाची बैठक येत्या रविवारी आहे. प्रस्तावाच्या मसुद्यात यादीबद्दल काय लिहिलंय, हे मी त्यांना विचारलंय. ते अजून कुणी वाचलेलं नाही असं उत्तर आलं. काकांनी मसुद्याची प्रत पाठवतो म्हणून सांगितलंय. त्यांची परवानगी असेल तर त्यातली अटींची कलमं, नाव झाकून, पुढच्या आठवड्यात इथेच टाकतो. कुणी अशा कंपनीबरोबर काम केलेलं असेल, संस्थेकडून किंवा कंपनीकडून, तर इनबॉक्समध्ये लिहा. नाव बाहेर येणार नाही.